फेअर म्हणजे कोणता फेअर?

गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत अकरावी-बारावीच्या मुलांची वादस्पर्धा असते. यंदा परीक्षकाच्या खुर्चीत मला बसवलं होतं. विषय होता, ‘फेअर हा शब्द व्यवहारातून हद्दपार करावा’. अनुकूल बाजूची मुलगी चांगली तयारीची होती. ती म्हणाली, इंग्रजीत फेअर म्हणजे गोरा आणि फेअर म्हणजेच न्याय्य. मग काळा तो आपोआप अन्यायी झाला की नाही? ज्या भाषेनं कातडीचा रंग न्यायाच्या शब्दातच कोरून ठेवला, तिचा हा शब्द आपण तोंडात तरी का घ्यावा? कडकडून टाळ्या. मग प्रतिकूल बाजूचा मुलगा उठला. शब्द म्हणजे रिकामा डबा, त्यात साखर भरा नाहीतर मीठ, डब्याचा काय दोष? त्यालाही तितक्याच टाळ्या. बक्षीस समारंभाआधी चहा चालू असताना मागच्या रांगेतले एक आजोबा माझ्याकडे आले. सांगलीकडचे, सगळी हयात साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांना ऊसतोडीची चिठ्ठी देण्यात गेलेली, आता मुलाकडे राहायला आलेत. म्हणाले, “सर, आमच्या एफआरपीत पण एक फेअर असतंय. ते ह्यातलंच का वो?”

त्यातलंच. एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा दर, ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’. आणि तासभर चाललेल्या वादात ते कुणाच्याही तोंडी आलं नव्हतं, माझ्या डोक्यातही नव्हतं.

गेली काही वर्षं हा वाद आपल्याकडे याच दोन बाजूंनी चालतो आणि दोन्हीकडून वाईट चालतो. एक बाजू शब्दकोशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते, दुसरी त्याला निर्दोष सोडून घरी जाते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एका शब्दाला पाच अर्थ असणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा होतो तो एका अर्थानं विश्वास मिळवून दुसऱ्या अर्थानं हिशेब चुकता करण्यात. क्रीमच्या ट्यूबवर हे झालंच, पण करारात, कायद्याच्या नावात, धान्याच्या दर्जात ते रोज होतं. तिथं हा शब्द आद्याक्षरात दडलेला असतो आणि आपण तो वाचतसुद्धा नाही.

आधी त्या मुलीच्या मुद्द्याकडे येतो, कारण चूक असला तरी तो मुलाच्या मुद्द्यापेक्षा कितीतरी कसदार आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘फॅगर’ असा होता आणि त्याचा अर्थ होता देखणं, डोळ्यांना बरं वाटणारं. माणूस, जागा, वस्तू, हवा, कशालाही लागायचा. त्याच कुळातल्या गॉथिक भाषेतल्या शब्दाचा अर्थ आहे जुळणारं, योग्य. ‘देखणं’ या बुंध्याला मग फांद्या फुटत गेल्या. निरभ्र आकाश ते फेअर. गलबताला सोयीचा वारा तो फेअर. डाग नसलेलं नाव फेअर, खाडाखोड नसलेली प्रत फेअर. आपण शाळेत रफ वहीतून फेअर वहीत उतरवायचो ती हीच. वागण्यात डाग नाही, डावात खोट नाही, म्हणून निःपक्ष, न्याय्य. आणि वेगळ्या बाजूनं, देखणेपणाची कल्पना उजळ कातडीशी बांधली गेली तेव्हा, गोरा. म्हणजे न्यायाचा अर्थ गोरेपणातून आलेला नाही. दोघं एकाच आज्याची नातवंडं, पण बापलेक नव्हेत. जत्रा या अर्थाचा फेअर तर या घराण्यातलाच नाही. तो लॅटिनमधून, सणाच्या दिवसाच्या शब्दावरून आला.

इथं ती मुलगी म्हणू शकली असती, आणि म्हणायला हवं होतं, की देखणेपणाचा शब्द गोऱ्या कातडीला बहाल करणं हाच तर मूळ अन्याय आहे. हे मात्र खरं. १६०९ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी १२७ वं सुनीत नेमकं इथूनच सुरू होतं: जुन्या काळी काळ्याला कुणी ‘फेअर’ म्हणत नसे. फेअरचे दोन अर्थ एकमेकांत गुंतलेत आणि त्या गुंत्यात एक सावळी बाई अडकते, हे त्या कवीला चारशे वर्षांपूर्वी दिसत होतं. तेव्हा ‘शब्दाला काय कळतं’ म्हणणाऱ्या मुलाचा डबा रिकामा नव्हता. वापरलेल्या डब्याला आधीच्या मसाल्याचा वास राहतो, हे घरात स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पण या वासावरून इंग्रजीला दोषी ठरवायचं तर मराठीचं काय करणार? आपण उजळ माथ्यानं फिरतो. चोराच्या तोंडाला काळं फासतो. पैसा काळा, बाजार काळा, कृत्य काळं. कुणाला हाकलताना ‘काळं कर इथून’ म्हणतो. यातलं काहीही साहेबानं शिकवलेलं नाही. आणि याच भाषेत, त्याच माणसांच्या तोंडी, ‘पांढऱ्या पायाची’ ही सुनेला दिलेली शिवी आहे आणि ‘पांढरं कपाळ’ हे वैधव्याचं नाव आहे. गावाचे जुने दोन भाग काळी आणि पांढरी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकणारी जमीन, आणि आई म्हणायचं ते काळीला. ज्याच्यासाठी लोक आषाढात शेकडो मैल चालत जातात तो कंबरेवर हात ठेवून उभा आहे तो काळाच. ही सगळी जंत्री एवढ्यासाठी दिली की भाषेतले रंग एका ओळीत उभे राहून शुभ-अशुभाची कवायत करत नाहीत. विठोबाला सावळा म्हणून गहिवरणारी माणसं घरी येऊन मुलीच्या स्थळाबद्दल बोलताना ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ असं म्हणतात. तो ‘पण’ कुठल्या शब्दकोशात सापडेल?

उलट एक गंमत बघा. जर्मन भाषेनं ‘फेअर’ हा शब्द इंग्रजीकडून जसाच्या तसा उचलला, आणि जर्मनमध्ये त्याचा अर्थ एकच: नियमाला धरून, दुसऱ्यावर अन्याय न करता. कातडीचा रंग त्यांनी सीमेवरच उतरवून ठेवला. फ्रेंचांनीही ‘फेअर प्ले’ उचलला. आना व्येझबित्स्का या पोलंडमध्ये जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं तर म्हणणं असं, की ‘फेअर’ची नेमकी ही कल्पना इंग्रजी संस्कृतीचीच आहे, इतर युरोपीय भाषांत तिला तंतोतंत शब्द नाही. म्हणून उसनवारी करावी लागली. आपणही उसनवारी केली, पण काय उचललं? ‘मुलगी फेअर आहे हो!’ आता आताची मुलं खेळताना ‘हे फेअर नाहीये हां’ म्हणायला लागली आहेत. आमच्या वेळी त्याला ‘रडीचा डाव’ असा सणसणीत शब्द होता आणि इंग्रजीवाचून काही अडत नव्हतं. मराठी बोलण्यात इंग्रजी फेअर घट्ट रुजला तो स्थळं बघण्याच्या बैठकीत. का रुजला, तेही उघड आहे. ‘आम्हाला गोरी हवी’ हे वाक्य शिकलेल्या माणसाच्या जिभेला टोचतं. ‘फेअर असेल तर बरं’ टोचत नाही. इंग्रजी शब्द इथं अर्थ सांगायला आणलेला नाही, पडदा म्हणून आणलेला आहे.

आणि पडदा आहे म्हटलं की तो ओढून काढल्यानं काय होतं तेही आपण पाहिलं. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला, जगभर निदर्शनं झाली, आणि त्या लाटेत १९७५ पासून आपल्या बाजारात असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला फेअर काढून ‘ग्लो अँड लव्हली’ असं बारसं केलं. एका लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळानंही त्याच सुमारास कातडीच्या रंगाची चाळणी काढून टाकली. मी त्याला नुसती धूळफेक म्हणणार नाही. घराघरांत रोज दिसणाऱ्या पाकिटावरून एखादा शब्द जातो तेव्हा दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांसमोरून तो जातो, हे लहान काम नव्हे. त्याआधीचे प्रयत्नही विसरू नयेत. २००३ च्या सुमारास महिला संघटनांच्या तक्रारींनंतर अशा काही जाहिराती पडद्यावरून गेल्या. चेन्नईहून २००९ मध्ये ‘डार्क इज ब्युटिफुल’ मोहीम सुरू झाली, पुढे अभिनेत्री नंदिता दास तिच्यासोबत उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं नियम केला, की सावळं माणूस दुःखी, मागं पडलेलं, नको असलेलं असं दाखवायचं नाही. नाव बदलणाऱ्यांच्या बाजूनं हे सगळं जमा धरतो.

पण आता एखाद्या औषधाच्या दुकानात जाऊन त्या कपाटासमोर उभं राहा. ग्लो, ब्राइट, रेडियन्स, डी-टॅन. ट्यूब गुलाबी, चेहरा तोच, मागचा इरादा तोच. फेअर गेला आणि त्याची जागा भरायला चौघे आले. लग्नाच्या फॉर्मवरही हाच प्रकार. आमच्या ओळखीतल्या एका वधूवर केंद्रानं ‘वर्ण’ हा रकाना काढला. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, चारी खुणांचे चौकोन गेले. आता तिथं ठळक सूचना आहे: फोटो नैसर्गिक प्रकाशातला, फिल्टर न लावता काढलेला असावा. सूचनेत काही वावगं आहे का? काहीच नाही. ती कशासाठी आहे हे कुणाला कळत नाही का? सगळ्यांना कळतं.

मग त्या क्रीमचा खरा अपराध कोणता होता? नावात गोरेपणा होता, हा नव्हे. जुन्या जाहिराती आठवा. मुलीला नोकरी मिळत नाही, बाप खिन्न. ती क्रीम लावते, उजळते, मुलाखतीत निवडली जाते, बाप ताठ मानेनं चालतो. विकत दिला जाणारा फेअर हा रंगाचा, आणि वचन दिलं जात होतं ते दुसऱ्याच फेअरचं: न्याय्य संधीचं, बरोबरीच्या वागणुकीचं. मुलीला हवं होतं की मुलाखतीत तिच्या कामाकडे बघावं. तिला सांगितलं गेलं, ते हवं असेल तर आधी हे लाव. पैसे एका अर्थाचे घेतले आणि माल दुसऱ्या अर्थाचा दिला.

आपल्या जुन्या तर्कशास्त्रात या लबाडीला नाव आहे. न्यायसूत्रांत छलाचे प्रकार सांगितलेत, त्यातला पहिला वाक्छल. उदाहरण ठरलेलं: कुणी म्हणतं, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. प्रतिपक्षी म्हणतो, खोटं! याच्याजवळ नऊ घोंगड्या कुठे आहेत, एकच तर दिसतेय. ‘नव’ म्हणजे नवा आणि ‘नव’ म्हणजे नऊ. या उदाहरणाला दीड हजारांहून जास्त वर्षं झाली, आणि त्यात कुणी ‘नव’ शब्द संस्कृतातून हद्दपार करा असं म्हटलेलं नाही. दोष बोलणाऱ्यावर ठेवला, अर्थ बदलण्याच्या कृतीवर ठेवला. आमच्या सोसायटीतल्या वादापेक्षा ही पातळी बरीच वरची आहे.

आता आजोबांच्या फेअरकडे येऊ. खरं तर शेतकऱ्याच्या वाट्याला दोन फेअर येतात. सोयाबीनवाल्याला भेटतो तो एफएक्यूमधला, म्हणजे ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’. हमीभावानं माल घ्यायचा तर तो एफएक्यू दर्जाचा हवा. इथं फेअरचा अर्थ न्याय्य नाही, देखणाही नाही. इथं तो ‘बऱ्यापैकी’. प्रगतिपुस्तकात एक्सलंट, गुड यांच्या खाली आणि पूअरच्या वर जो फेअर असतो, तो. माझ्या स्वतःच्या प्रगतिपुस्तकात चित्रकलेपुढे तो कायम असायचा आणि माझी आत्या तो वाचून खूश व्हायची. असो. खरेदी केंद्रावर शेतकरी पोत्यात हात घालतो, तळातला दाणा काढतो, दाढेखाली धरून फोडतो. कट्कन आवाज आला तर माल वाळलेला. पण दाढेचं प्रमाणपत्र चालत नाही. ओलावा मोजायच्या यंत्राच्या वाटीत मूठभर दाणे पडतात, आकडा येतो, आणि तो १२ टक्क्यांच्या वर असला की पोतं परत. बाहेर व्यापारी उभाच असतो. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण तो मिळणार ‘फेअर’ मालाला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाला चार-पाच दिवस उरले असताना, केंद्रानं त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. १४ टक्के ओलावा असलेलं पोतं आदल्या दिवशी फेअर नव्हतं, दुसऱ्या दिवशी झालं. सूट योग्यच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण फेअर ठरवणारं यंत्र ते वाटीतलं नव्हतं, एवढं त्यातून दिसलं.

ऊसवाल्याचा फेअर याहून गुंतागुंतीचा. २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन जुन्या किमान वैधानिक किमतीच्या जागी एफआरपी आली. सरकारी मराठीत ‘रास्त आणि किफायतशीर दर’. इथं फेअर म्हणजे रास्त, म्हणजे न्यायाचा. हा दर ठरतो उताऱ्यावर, शंभर किलो उसातून साखर किती निघते त्यावर. ऊस डोंगा असला तरी रस डोंगा नसतो हे चोखोबांनी सांगून ठेवलंच आहे, आणि गंमत म्हणजे कायद्यानं नेमकं तेच मान्य केलं: उसाचं रूप बघू नका, रस बघा. तत्त्व म्हणून याहून फेअर काय असणार? पण मोजपट्टी बघा. २००९-१० मध्ये पायाभूत उतारा, म्हणजे ज्या उताऱ्याला तो दर लागू होतो तो, ९.५ टक्के धरला आणि दर क्विंटलला १२९.८४ रुपये. २०१८-१९ मध्ये पाया १० टक्क्यांवर नेला, दर २७५. २०२२-२३ मध्ये पाया १०.२५, दर ३०५. २०२५-२६ साठी पाया १०.२५, दर ३५५. वर्तमानपत्राच्या मथळ्यात दर वेळी दराची वाढ येते. पाया वर सरकला की त्याच उसाचे हातात पडणारे पैसे मथळ्यापेक्षा कमी असतात, हे चौकटीच्या आत कुठेतरी असतं. शिवाय हा दर कारखान्याच्या दारातला. आपल्याकडे तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं आदेशात लिहिलंय. ते व्याज किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय हे कुठल्याही ऊसपट्ट्यातल्या पारावर विचारा. आणि राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून ही एफआरपी हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. ती मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केली. तीन वर्षं लागली.

आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली. चिटबॉय म्हणून ते बांधावर जायचे तेव्हा शेतकरी दर विचारायचाच नाही. तो विचारायचा, तोड कधी? कारण पिकलेला ऊस उभा राहिला की वाळतो, तुटलेला पडून राहिला की उतारा घसरतो. कारखाना थांबू शकतो, ऊस थांबत नाही. “मग फेअर कसलं आन् काय कसलं,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

नेमका हाच मुद्दा १८८१ च्या मे महिन्यात लंडनच्या ‘लेबर स्टँडर्ड’ या कामगारांच्या पत्रात मार्क्सचा साथीदार फ्रेडरिक एंगल्सनं मांडला होता. इंग्रज कामगारांची लाडकी घोषणा होती: ‘फेअर दिवसाच्या कामाला फेअर दिवसाची मजुरी’. एंगल्सचा प्रश्न होता, फेअर कुणाच्या मापानं? सौदा करणाऱ्या दोघांपैकी एक थांबू शकतो, कारण त्याच्याकडे भांडवल आहे. दुसऱ्याच्या पाठीशी भूक उभी आहे. दोघांची शर्यत एकाच रेषेवरून सुरू होत नसेल, तर शेवटी ठरलेल्या मजुरीला फेअर म्हणायचं ते कुठल्या तोंडानं? त्याचं उत्तर मला पूर्ण पटत नाही. त्याला मजुरीची पद्धतच मोडायची होती आणि ती मोडल्यावर काय होतं ते विसाव्या शतकानं पाहिलं. पण प्रश्न पक्का होता. त्यानं शब्द टाकून दिला नाही, अर्थाचा हिशेब मागितला.

फेअर कुणाच्या मापानं, याचा दुसरा दाखला क्रिकेटचा, आणि तो आपल्याला जास्त जवळचा. डिसेंबर १९४७, सिडनी. विनू मांकड गोलंदाजी करत असताना समोरच्या टोकाचा ऑस्ट्रेलियन फलंदाज बिल ब्राउन चेंडू हातातून सुटायच्या आत क्रीज सोडून पुढे सरकला. विनूभाईंनी बेल्स उडवल्या. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यातही ब्राउन असाच सापडला होता, आणि तेव्हा त्याला आधी ताकीदसुद्धा दिली होती. नियमात ते पूर्ण बसत होतं. खुद्द ब्रॅडमननं पुढे मांकडचीच बाजू घेतली. तरी ‘मांकडिंग’ असं नाव पडलं, म्हणजे धावायला आधी निघणाऱ्याचं नाव कुठंच नाही आणि त्याला पकडणाऱ्याचं नाव कायमचं बदनाम. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या, लॉर्ड्स मैदानावरच्या एमसीसी क्लबनं बाद करण्याची ही रीत ‘अनफेअर प्ले’च्या कलमातून काढून साध्या ‘रन आउट’च्या कलमात टाकली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. वर्षानुवर्षं एक नियमातली गोष्ट अनफेअरच्या खोलीत कोंडलेली होती, कारण त्या खोलीची किल्ली लॉर्ड्सवर होती.

यावर एक आक्षेप मला स्पर्धेनंतर अनुकूल बाजूच्या त्या मुलीनंच घेतला, आणि तो सगळ्यात बळकट आहे. ती म्हणाली, सर, मी माझ्या रंगाबद्दल बोलत होते आणि तुम्ही ऊस-सोयाबीनकडे गेलात. माझ्या मावशीनं मला लहानपणापासून दुधावरची साय आणि हळद फासली, त्याचं काय? हा प्रश्न मोठा म्हणून तो लहान, असं करताय का? मी गडबडलो. मुद्दा खरा होता. मोठ्या अन्यायाचं नाव काढून जवळचा अन्याय झाकायचा, ही आपल्याकडची जुनी चलाखी आहे. तिच्या मावशीला व्युत्पत्ती सांगून काही होणार नाही, हे मान्य.

पण मान्य करूनही मला वाटतं की मावशीशी भांडायचं तर याच मार्गानं भांडता येतं. शब्द काढून घेतला तर मावशी ‘उजळ’ म्हणेल, ‘तेज’ म्हणेल, ‘तुकतुकी’ म्हणेल. तिच्याशी वाद घालायचा तो तिच्या तोंडचं वाक्य मराठीत पूर्ण करून. मावशी, मला गोरं करायचंय ते कशासाठी? नोकरीसाठी? मग नोकरी देणारा चूक आहे. लग्नासाठी? मग तो मुलगा चूक आहे. सुंदर दिसण्यासाठी? मग ‘पण नाकीडोळी नीटस’ म्हणताना तो ‘पण’ तू का घातलास? एकेक अर्थ सुटा करत गेलं की मावशीच्या हातात हळद आणि साय उरते, तिच्यामागचं कारण उरत नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत हेच करायचं असतं: फेअर म्हणजे कोणत्या वर्षाचा उतारा, कुणाच्या काट्यावरचं वजन, कोणत्या तारखेला हातात पैसे? काटामारी नावाचा शब्द ऊसपट्ट्यात उगाच जन्मला नाही.

आणि हे सुटं करायला मराठी फार उपयोगी पडते, कारण ती फेअरला एका शब्दात बसूच देत नाही. धान्याचं दुकान रास्त भावाचं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातली भरपाई वाजवी. पंच निःपक्ष, हवा स्वच्छ, प्रत पक्की, वर्ण गोरा, प्रगती बरी. रास्त फारसीतून आला, सरळ या अर्थाचा, वाजवी अरबीतून, न्याय्य संस्कृतातला. भाजीवालीसमोर आपण ‘न्याय्य लावा’ म्हणत नाही, ‘वाजवी लावा’ म्हणतो, आणि तिला नेमकं कळतं की तिच्याही पोटाला धरून बोलतोय. प्रत्येक वेळी निवड करावी लागते आणि निवड केली की लपायला जागा राहत नाही. इंग्रजी म्हण प्रेमात आणि युद्धात सगळंच ‘फेअर’ असतं असं म्हणते. आपण ती मराठीत आणली तेव्हा काय केलं? ‘प्रेमात आणि युद्धात सगळं माफ असतं.’ माफ! म्हणजे चूक झाली हे आधी कबूल, मग क्षमा. अनुवाद करणाऱ्या कुणा अनामिकानं न्यायाचं प्रमाणपत्र द्यायचं नाकारलं. एवढी बारीक नजर असलेली भाषा हाताशी असताना आपण एफआरपी, एफएक्यू असं अक्षरांत बोलतो, आणि अक्षरांना अर्थ विचारता येत नाही.

स्पर्धेचा निकाल लावायला मला छापील गुणपत्रिका दिली होती. प्रत्येक वक्त्यापुढे चार चौकोन: एक्सलंट, गुड, फेअर, पूअर. मुद्द्यांची मांडणी या ओळीत मी दोघांनाही तिसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली. बक्षीसं वाटून झाली, मांडव आवरायला लागले, तेव्हा त्या मुलीची आई गुणपत्रिका हातात घेऊन आली.

“सर, हे फेअर म्हणजे चांगलंच ना?”

मी म्हटलं, “म्हणजे बरं.”

“बरं म्हणजे?”